सेलचं पाणी हाताला लागलं तर

गणपती जवळ आले की माळ्यावरून मखराची खोकी खाली येतात. त्यात गेल्या वर्षी गुंडाळून ठेवलेल्या दिव्यांच्या माळा असतात आणि माळेच्या प्लॅस्टिकच्या डबीत गेल्या वर्षीचेच सेल. झाकण सरकवलं की आत पांढरा भुसभुशीत थर दिसतो, स्प्रिंगवर हिरवट-निळा गंज चढलेला असतो आणि बोटांना काहीतरी ओलसर, चिकट लागतं. बंद पडून भिंतीवर तसंच राहिलेलं घड्याळ, टीव्हीचा जुना रिमोट, रक्तदाब मोजायचं यंत्र, मुलांचं बाजूला पडलेलं खेळणं, रात्री पिकाला पाणी द्यायला जाताना न्यायचा टॉर्च, सगळीकडे हीच गत. आपण हात कपड्याला पुसतो आणि पुढच्या कामाला लागतो. बऱ्याचदा त्याने काही बिघडतही नाही. पण काही वेळा थोड्या वेळाने बोटं चुरचुरायला लागतात, संध्याकाळपर्यंत कातडी लाल होते आणि दुसऱ्या दिवशी फोड दिसतो. तोच न धुतलेला हात डोळ्याला लागला, तर प्रकरण गंभीर होतं.

यावर घरच्या घरी करण्यासारखा खरा उपचार एकच आहे: साधं वाहतं पाणी, ताबडतोब आणि भरपूर वेळ. इस्पितळात गेलात तरी तिथेही पहिलं काम तेच होतं. फरक एवढाच की तिथे पोहोचेपर्यंत मधला वेळ वाया गेलेला असतो, आणि रसायनाने भाजण्यात सगळा खेळ त्या मधल्या वेळाचाच असतो.

पहिली वीस मिनिटं

सेलला पाणी सुटलंय हे कळलं की हातातली वस्तू वर्तमानपत्रावर खाली ठेवा. अंगठी, बांगड्या, घड्याळ, मनगटाचा दोरा काढा. त्यांच्याखाली द्रव अडकून राहतो, आणि बोट सुजल्यावर अंगठी निघता निघत नाही. कोरडी पूड लागली असेल तर आधी कोरड्या फडक्याने किंवा जाड कागदाच्या कडेने ती हलकेच झटकून टाका. फुंकर मारू नका. ती पूड तोंडावर, डोळ्यांत येते.

मग नळ सोडा. धार मध्यम असावी, फार जोराची नको, कारण उडालेले थेंब चेहऱ्यावर येतात. हात असा धरा की वरून पडलेलं पाणी चांगल्या कातडीवरून न वाहता सरळ मोरीत जाईल. नखांच्या कडा, बोटांच्या बेचक्या, तळहाताच्या रेषा नीट उघडून त्यांवर पाणी जाऊ द्या. घासू नका. किमान २० मिनिटं घड्याळ लावून धुवा. हा वेळ वाटतो त्यापेक्षा बराच मोठा असतो. अंदाजाने धुणारा माणूस दोन-तीन मिनिटांतच हात पुसायला घेतो. घरात दुसरं कोणी असेल तर त्याला वेळ बघायला सांगा. दुखत नसलं, कातडी चांगली दिसत असली, तरी मध्येच थांबू नका. धुणं झाल्यावर साध्या साबणाने एकदा हात धुऊन स्वच्छ पंच्याने टिपून घ्या. नळ बंद केल्यावर पुन्हा चुरचुरलं किंवा हात बुळबुळीत लागत राहिला, तर परत नळाखाली धरा. अशा वेळी अर्धा-पाऊण तास धुणंही जास्त नाही.

कपड्यांवर सांडलं असेल तर ते कपडे लगेच उतरवा, पाणी चालू असतानाच. खिशात सुटे सेल ठेवायची सवय असलेल्यांची मांडी अशी भाजते: कापड भिजतं, कातडीला चिकटून राहतं आणि वरून काही दिसत नाही. सदरा किंवा टी-शर्ट डोक्यावरून ओढून काढू नका, भिजलेला भाग तोंडावरून जातो. बटणं सोडा, नाहीतर सरळ कात्री लावा. कपड्याची हळहळ नंतर करता येते. काढलेले कपडे वेगळे धुवा.

पाणी साधं हवं. बर्फ नको, फ्रीजमधलं गार पाणी नको, कढतही नको. आपल्याकडे अनेक गावांत आणि शहरांतल्या अनेक वस्त्यांत नळाला ठरलेल्या वेळीच पाणी येतं, उन्हाळ्यात तेही येत नाही. तेव्हा पिंपातलं, टाकीतलं, हंड्यातलं जे स्वच्छ पाणी असेल ते घ्या आणि तांब्याने संथ धार धरा. एकाने ओतायचं, दुसऱ्याने हात फिरवायचा. बादलीत हात बुडवून बसणं मात्र टाळा, कारण निघालेलं रसायन त्याच पाण्यात राहतं. टंचाईच्या दिवसांत वीस मिनिटं पाणी ओतायचं जिवावर येतं हे खरं, तरी या कामात काटकसर करू नका. सुरुवातीची काही मिनिटं मोठी धार धरा, मग ती बारीक करा, पण धार तुटू देऊ नका.

दुखत नाही म्हणून फसगत

रोजच्या वापरातले साधे सेल मुख्यतः दोन प्रकारचे असतात आणि त्यांच्यातून गळणारा पदार्थ एकमेकांहून अगदी वेगळा असतो. आपल्या दुकानात कमी किमतीला मिळणारे नेहमीचे पेन्सिल सेल बहुधा जस्त-कार्बन जातीचे असतात. फ्रेंच अभियंता जॉर्ज लेक्लांशे याने १८६६ साली बनवलेल्या घटाचे हे वंशज. त्यांच्यात नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड, किंवा त्याऐवजी झिंक क्लोराइड असतं. कल्हईवाला भांड्यावर टाकतो तोच हा नवसागर. सेलचं बाहेरचं जस्ताचं भांडंच वीज देता देता झिजत जातं, शेवटी त्याला भोकं पडतात आणि आतला लगदा बाहेर येतो. हा स्राव सौम्य आम्लधर्मी असतो. त्याने चुरचुरतं, लाली येते, कातडी आधीच फाटलेली असेल तर चांगलंच झोंबतं, पण वेळीच धुतला तर सहसा तेवढ्यावर भागतं. काळी पूड दिसली तर ती मॅंगनीज डायऑक्साइडची. तिचे डाग बोटांवर दोन-तीन दिवस राहतात. त्यांना घाबरून कातडी खरवडू नका.

दुसरे अल्कलाइन सेल. महाग, जास्त टिकणारे, वर तसं स्पष्ट छापलेलं असतं. यांच्यातलं द्रावण पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं, म्हणजे कॉस्टिक सोड्याच्या जवळच्या नात्यातल्या तीव्र अल्कलीचं असतं. सेल संपत आला, तसाच पडून राहिला, की आत हायड्रोजन वायू साठत जातो, त्याचा दाब वाढून तळाची सील फुटते आणि द्रावण पाझरतं. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन त्याचा जो पांढरा थर जमतो तो मुख्यतः पोटॅशियम कार्बोनेटचा. तो मूळ द्रावणाइतका जहाल नसतो, पण त्या थराखाली बहुतेक वेळा ओल शिल्लक असते आणि ती ओल जहाल असते.

आपण आम्लाला भितो, कारण आम्ल लागताक्षणी झोंबतं आणि माणूस आपोआप पाण्याकडे धावतो. आम्लाने वरची प्रथिनं साकळून एक थर तयार होतो आणि तो काही प्रमाणात आम्लाला आत जाण्यापासून अडवतो. अल्कलीचं तसं नाही. ती कातडीतल्या स्निग्ध पदार्थांचा साबण करते, प्रथिनं विरघळवते आणि वाट करत खोल उतरत जाते. सुरुवातीला दुखतंच असं नाही, फक्त बोटं बुळबुळीत लागतात. साबण नीट निघाला नाही असं आपल्याला वाटतं. तो बुळबुळीतपणा आपल्याच कातडीतल्या चरबीचा असतो. म्हणूनच दुखेल तेव्हा बघू, हा हिशेब इथे चालत नाही. कोणता सेल होता ते ओळखत बसण्याचीही गरज नाही. दोन्हींना उपाय एकच आहे. धुऊन झाल्यावर सेलचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, डॉक्टरांना तो उपयोगी पडेल.

लोकांच्या मनात आणखी एक भीती असते: या पाण्याचं विष कातडीतून अंगात भिनेल का? बोटाला लागलेल्या थोड्याशा स्रावाने तसं होत नाही. धोका जिथे लागलं त्या जागेपुरता असतो, म्हणून तीच जागा नीट सांभाळायची.

लिंबू, हळद, टूथपेस्ट

शाळेत शिकलेलं रसायनशास्त्र इथे घात करतं. अल्कलीवर आम्ल टाकलं की उदासीनीकरण होतं, म्हणून कोणी हातावर लिंबू पिळतं, कोणी व्हिनेगर ओततं. आम्ल सांडलं तर खाण्याचा सोडा चोळतं. कातडीवर हे करू नका. या क्रियेत उष्णता निघते आणि भाजलेल्या जागी आणखी भाजतं. त्याहून मोठं नुकसान म्हणजे लिंबू शोधून, चिरून, पिळेपर्यंत पाण्याची मोलाची मिनिटं निघून जातात. हळद, तूप, खोबरेल तेल, टूथपेस्ट, शाई यांचंही तेच. हे लेप रसायनाला खाली कोंडून ठेवतात, आणि डॉक्टरांना जखम बघायची तर आधी तो लेप काढावा लागतो, ज्यात रुग्णाचे हाल होतात. आपल्या आजीने हळद लावली ती मायेने आणि चिरलेल्या बोटाला. रसायनाने भाजलेल्या कातडीची गोष्ट वेगळी आहे.

धुऊन झाल्यावर कातडी नुसती लाल किंवा कोरडी असेल तर उघडी ठेवली तरी चालते. दुसऱ्या दिवसापासून साधी पेट्रोलियम जेली लावता येते. फोड आला तर फोडू नका. स्वच्छ, न चिकटणाऱ्या कापडाने सैल झाका आणि डॉक्टरांना दाखवा. एक-दोन तासांनी, रात्री झोपताना आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती जागा उजेडात नीट बघा.

दवाखान्यात जायचं कधी? फोड आले, कातडी पांढरट, करडी किंवा काळपट झाली, बधिर वाटू लागली, भरपूर धुऊनही दुखणं थांबत नाही, भाजलेली जागा आपल्या तळहातापेक्षा मोठी आहे, किंवा ती चेहऱ्यावर, सांध्यावर, बोटाभोवती पूर्ण गोल वा जननेंद्रियांजवळ आहे, तर त्याच दिवशी जा. लहान मूल असेल तर शंका आली तरी पुरे. मधुमेह असलेल्यांनी विशेष जपावं. बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात हातापायांची संवेदना कमी झालेली असते, पायावर सांडलेलं कळतच नाही, आणि साधी वाटणारी जखम भरायला महिने लागतात. अशा घरात कोणाच्या पायाजवळ सेल फुटला, तर त्यांनी "काही झालं नाही" म्हटलं तरी पाय धुवा आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघा. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं हे डॉक्टर विचारतील, आठवून जा.

महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ आहे. विषारी पदार्थांबद्दल फोनवर सल्ला हवा असेल तर दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र चोवीस तास चालतं; त्याचा निःशुल्क क्रमांक १८०० ११६ ११७. पण फोन दुसऱ्याने करावा, ज्याला लागलं त्याचा हात तोवर पाण्याखाली असावा.

डोळ्याला लागलं तर

इथे एक सेकंदही विचारात घालवू नका. सेलचा स्राव डोळ्यात गेला तर बुबुळाच्या वरचा पारदर्शक पडदा कायमचा पांढरा होऊ शकतो, आणि अल्कली ते काम फार झपाट्याने करते. डोकं त्या डोळ्याच्या बाजूला झुकवा, म्हणजे तो डोळा खाली राहील आणि घाण पाणी चांगल्या डोळ्यात जाणार नाही. नाकाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने तांब्याने किंवा नळाच्या हलक्या धारेने पाणी सोडा. पापण्या आपोआप घट्ट मिटतात, त्या दोन बोटांनी उघडून धराव्याच लागतात. वर, खाली, आजूबाजूला बघायला सांगा. कॉन्टॅक्ट लेन्स असेल आणि सहज निघत असेल तर काढा, पण त्यासाठी पाणी थांबवू नका. लहान मुलाला चादरीत हातांसकट गुंडाळून मांडीवर आडवं घ्या, नाहीतर ते धरू देणार नाही. ते रडेल, ओरडेल, तरी धार सोडू नका.

हे २० ते ३० मिनिटं करायचं आणि लगेच नेत्रतज्ज्ञाकडे जायचं. डोळा बरा वाटतोय म्हणून उद्यावर ढकलू नका. गुलाबपाणी, दूध, घरात पडलेले जुने थेंब डोळ्यात घालू नका.

इन्व्हर्टर, फोन आणि बटण सेल

इन्व्हर्टरची बॅटरी हा वेगळा प्राणी आहे. तिच्यात सौम्य केलेलं, तरी कातडी जाळण्याइतकं कडक गंधकाम्ल असतं. डिस्टिल्ड वॉटर भरताना ते उडतं, जास्त भरलं की चार्जिंगच्या वेळी झाकणांतून बाहेर येतं आणि बॅटरीच्या अंगावर सुकतं. सुती कपड्यावर पडलेला थेंब त्या वेळी दिसत नाही, धुतल्यावर भोक दिसतं. कातडीला लागलं तर वर सांगितलेलाच उपाय. भरताना चष्मा आणि रबरी हातमोजे घाला, खिडक्या उघडा, जवळ उदबत्ती किंवा काडी पेटवू नका, कारण चार्जिंगच्या वेळी तिथे हायड्रोजन असतो. फरशीवर सांडलं असेल तर त्यावर खाण्याचा सोडा टाकायला हरकत नाही. जे कातडीवर वर्ज्य, ते फरशीवर चालतं.

फोनची फुगलेली बॅटरी टोचून, दाबून बघू नका. ती फुटून आतलं द्रव हाताला लागलं तर पाणी तर सुरू कराच, पण नंतर इस्पितळात जाऊन ही लिथियम-आयन बॅटरी होती असं आवर्जून सांगा. तिच्यातल्या क्षारापासून हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होऊ शकतं, आणि त्यावर कॅल्शियम ग्लुकोनेटचा वेगळा उपचार असतो.

सगळ्यात जास्त धास्ती मला बटण सेलची वाटते. रिमोट चावी, वजनकाटा, गाणारी खेळणी, सेलवरच्या पणत्या, सगळ्यांत ते चपटे चकचकीत सेल असतात, आणि रुपयाच्या नाण्याएवढा लिथियम सेल रांगत्या मुलाच्या घशाखालच्या अन्ननलिकेत अडकतो. तो फुटावा लागत नाही. ओल्या अस्तराला चिकटून त्यातून वीज वाहू लागते, तिथेच अल्कली तयार होते आणि दोन तासांत अन्ननलिका खोलवर भाजते. मुलाने गिळल्याची नुसती शंका आली तरी एक्स-रेची सोय असलेल्या इस्पितळात धावा. उलटी करवू नका, खायला देऊ नका. मूल एक वर्षापेक्षा मोठं असेल, गिळू शकत असेल आणि गिळून बारा तास झाले नसतील, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चहाचे चमचे मध देता येतो, जास्तीत जास्त सहा वेळा. मधामुळे दाह कमी होतो, सेल निघत नाही. त्यासाठी घरी थांबायचं नाही. नाकात किंवा कानात घातला असेल तर थेंब टाकू नका, थेट डॉक्टर गाठा.

पेन्सिल सेल दातांनी दाबून, उन्हात ठेवून पुन्हा चालवण्याची सवय आपल्या कित्येक पिढ्यांना आहे. जुना सेल फोडून त्यातली काळी कांडी काढायची आणि भिंतीवर रेघोट्या मारायच्या, हाही मुलांचा जुना उद्योग. दातांनी सील फुटते आणि स्राव ओठाला, जिभेला लागतो. तसं झालं तर पाण्याने भरपूर चुळा भरून थुंकायला लावा, मग घोट-दोन घोट पाणी किंवा दूध द्या, उलटी करवू नका. तोंडात दुखू लागलं, लाळ गळू लागली किंवा गिळता येईना, तर तडक दवाखाना.

वस्तू साफ करताना

हात आधी, वस्तू नंतर. रबरी हातमोजे घाला. ते नसतील तर दुधाची धुतलेली पिशवी हातावर उलटी चढवा. सेल काढून पिशवीत टाका. अल्कलाइनचा पांढरा थर असेल तर कान कोरायच्या कापसाच्या काडीला व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून पुसा, जस्त-कार्बनचा लगदा असेल तर खाण्याच्या सोड्याची पातळ पेस्ट वापरा, नंतर किंचित ओल्या फडक्याने पुसून पूर्ण कोरडं होऊ द्या. यंत्र पाण्यात बुडवू नका.

गळती टाळायची तर जुने आणि नवे सेल एकत्र घालू नका. कमजोर सेल संपल्यावरही बाकीचे सेल त्यातून प्रवाह ढकलत राहतात आणि तोच आधी फुटतो. दोन वेगळ्या जातींचे सेलही मिसळू नका. साधे सेल चार्जरमध्ये लावू नका. सणाच्या माळा, आकाशकंदील, प्रवासातला टॉर्च ठेवून देताना सेल काढून ठेवा. घड्याळ बंद पडलं की त्याच दिवशी त्यातला सेल काढा, नवा आणायला चार दिवस लागले तरी.

टाकायचे सेल चुलीत, शेकोटीत किंवा कचरा जाळतात त्या ढिगात जाऊ देऊ नका, ते फुटतात. ओल्या कचऱ्यातही नकोत. केंद्र सरकारच्या २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांत छोटे सेलही आले आहेत आणि ते परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे. आपल्या पालिकेचं किंवा जवळच्या दुकानाचं संकलन कुठे चालतं ते विचारून घ्या. तोवर झाकणाच्या कोरड्या प्लॅस्टिकच्या बरणीत जमवा. बटण सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा आणि बरणी मुलांच्या हाताला लागणार नाही अशा फळीवर ठेवा. गळलेला सेल घंटागाडीत द्यायचा असेल तर वेगळ्या पिशवीत गाठ मारून द्या आणि आत काय आहे ते सफाई कामगाराला तोंडी सांगा, कारण तो कचरा बहुतेक वेळा उघड्या हातांनी वेचला जातो.